बडोद्यात स्ट्रक्चरल स्टीलच्या कामाला लागताना

माझ्याकडे कोणी मुलगा घेऊन आलं की मी आधी त्याच्या हातात पाच मीटरची टेप देतो आणि म्हणतो, "2385 मिलीमीटर दाखव." दांडिया बाजारातून, वाडीतून, प्रतापनगरातून, तरसालीकडच्या नव्या सोसायट्यांतून आमची मराठी माणसं येतात. मुलगा बारावीला अडकलेला असतो, नाहीतर आयटीआय करून घरी बसलेला. "काका, ह्याला कुठेतरी लावून द्या." मुलगा टेप ओढतो, 238 सेंटीमीटरवर बोट ठेवतो आणि पुढच्या पाच बारीक रेघा मोजताना अडखळतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, शाळेत कोणी त्याच्या हातात टेप दिलेलीच नसते. पण स्ट्रक्चरल स्टीलच्या, म्हणजे शेड-पुलांचे लोखंडी सांगाडे बनवण्याच्या, ह्या धंद्यात बावीस वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. वेल्डिंग शिकवणारे भेटतात, अंगात ताकद येते, उंचीची सवय होते. माप आणि ड्रॉइंग मात्र कोणी आपणहून शिकवत नाही, आणि ते न शिकलेला माणूस दहा वर्षांनीही हेल्परच असतो. असे चांगले, कष्टाळू हेल्पर मी पुष्कळ पाहिले आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतोय.

आधी कामाची साखळी समजून घ्या

कारखान्याची शेड, रिफायनरीतला पाइप रॅक, पादचारी पूल, टॉवर, गोदाम, सगळं एकाच वाटेने तयार होतं. डिझाइन करणारा इंजिनिअर सांगाडा ठरवतो. डिटेलर त्याची तुकड्या-तुकड्यांची ड्रॉइंग काढतो. वर्कशॉपमध्ये माल कापला जातो, भोकं पाडली जातात, फिटर तुकडे जुळवून टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे वेल्ड, मारून घेतो, वेल्डर पूर्ण वेल्ड करतो, मग ग्राइंडिंग, तपासणी, ब्लास्टिंग, रंग. शेवटी ट्रेलरवर चढून माल साइटवर जातो आणि तिथे इरेक्शनची टोळी तो उभा करते.

मोठं उदाहरण आपल्या दारातच आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा 130 मीटर लांबीचा पोलादी पूल बडोद्याजवळ दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेवर 2024 मध्ये सरकवून बसवला. वजन सुमारे 3000 टन. तो बनला कच्छमध्ये भचाऊच्या वर्कशॉपमध्ये आणि तुकड्या-तुकड्यांनी रस्त्याने इथे आला. तिथे कापलेला एखादा तुकडा पाच मिलीमीटरने चुकला असता तर इथे रस्त्यावर भोकाला भोक लागलं नसतं. ह्या कामात माप एवढं का महत्त्वाचं, ते ह्याहून वेगळं समजवायला नको.

बडोद्यात वर्कशॉपचं काम मकरपुरा जीआयडीसी, पोर-रमणगामडी, वाघोडिया आणि सावलीकडे मंजुसरला पसरलेलं आहे. साइटचं काम जिथे कारखाना उभा राहतोय तिथे, म्हणजे हालोलपासून दहेजपर्यंत कुठेही. कोयलीच्या रिफायनरीकडे आणि नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांत शटडाऊनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या, दिवसांत माणसांची मागणी एकदम वाढते, पण तिथे नवख्याला आत घेत नाहीत. तो विचार दुसऱ्या वर्षानंतर.

पायरी पहिली: दुकान की साइट, हे स्वतःशी ठरवा

आमच्यात वर्कशॉपला दुकानच म्हणतात. दुकानात डोक्यावर छप्पर असतं, वेळ ठरलेली असते, संध्याकाळी घरी जेवायला जाता येतं. शिकायलाही दुकानच बरं, कारण एकाच टेबलावर रोज तेच काम होतं आणि चूक दिसली की लगेच सुधारता येते. साइटवर पैसे बहुधा थोडे जास्त मिळतात, पण महिना-महिना बाहेर राहावं लागतं, मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना तापलेल्या राफ्टरवर, म्हणजे छपराच्या तिरक्या बीमवर, बसावं लागतं, आणि साइट संपली की पुढची मिळेपर्यंत घरी.

माझा सल्ला: पहिलं वर्ष दुकानात काढा. ज्याने बेस प्लेट, म्हणजे कॉलमच्या पायाची प्लेट, स्वतः जुळवली आहे त्याला साइटवर ती का बसत नाही हे कळतं. सरळ साइटवर गेलेला मुलगा रस्सी ओढण्यात वर्ष घालवतो.

उंचीबद्दल प्रामाणिक राहा. सुरुवातीला पाय कापणं स्वाभाविक आहे, ते जातं. पण चक्कर येण्याचा, फिटचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर तो लपवू नका. मोठ्या साइटवर उंचीच्या कामाआधी डॉक्टर तपासतात आणि हाइट पास देतात. 2 मीटरच्या वरचं काम बहुतेक ठिकाणी उंचीचं काम धरतात. पास मिळाला नाही तर दुकानातलं फिटरचं काम त्याच्याइतकंच मानाचं आहे.

मुलींनी ह्या लेखाच्या पुढे जाऊ नये असं काही नाही. वेल्डिंगला आणि तपासणीला स्थिर हात आणि बारीक नजर लागते, आणि डिटेलिंगच्या ऑफिसांत तर मुली मोठ्या संख्येने काम करताहेत.

पायरी दुसरी: आयटीआय, अप्रेंटिस की थेट हेल्पर

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळावं म्हणून. त्याच शहरात आजही मराठी घरांतून "आयटीआय म्हणजे नापास मुलांचं" असं ऐकलं की मला राग येतो. गोरवा आणि तरसाली इथे सरकारी आयटीआय आहेत. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा, त्याला आठवी पासही चालतो. फिटरचा दोन वर्षांचा, त्याला दहावी लागते. स्ट्रक्चरलच्या कामासाठी दोन्ही चालतात. पण निवड करता येत असेल तर मी फिटर म्हणेन, कारण त्यात ड्रॉइंग आणि मापं जास्त शिकवतात. वेल्डिंग नंतर दुकानात हाताखाली येतं.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप नक्की करा. 1961 च्या कायद्याखाली मोठ्या कारखान्यांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्याची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते. स्टायपेंड थोडा असतो म्हणून मुलं टाळतात. पण शेवटी परीक्षा देऊन जे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं ते पुढे सरकारी भरतीत आणि परदेशी जाताना उपयोगी पडतं.

शिक्षण सुटलं असेल तर थेट हेल्पर म्हणून लागा, हरकत नाही. मीही तसाच लागलो. मात्र वय 18 पूर्ण हवं आणि कागद सरळ हवेत. आधार, पॅन, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला ह्या चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख एकच आहे ना, ते कामाला जाण्याआधी पाहा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालायची पद्धत, कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. ह्या एका घोळामुळे पीएफचे पैसे वर्षानुवर्षं अडकलेले मी पाहिले आहेत.

डिप्लोमा किंवा बी.ई. केलेल्यांनीही पहिले सहा महिने फॅब्रिकेशनच्या मजल्यावर काढावेत. एवढंच त्यांना सांगतो.

पायरी तिसरी: पहिले तीन महिने टेप, नावं आणि वजन

पहिल्या दिवशी हातात झाडू नाहीतर ग्राइंडर देतील. काम करा, पण डोळे मालावर ठेवा. आय आकाराचा बीम, सी आकाराचा चॅनल, एल आकाराचा अँगल, पट्टी, चौकोनी पाइप, आणि छपराचे पत्रे ज्यावर बसतात ती झेड आणि सी पर्लिन. बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या भागाला फ्लँज म्हणतात, मधल्या उभ्या भागाला वेब. आयएसएमबी (ISMB) 200 म्हणजे 200 मिलीमीटर उंचीचा बीम, हे पहिल्या आठवड्यात तोंडपाठ हवं. जुने कारागीर अजून सूत आणि इंचात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलीमीटरच्या आसपास. ऐकू आलं की मनात लगेच मिलीमीटर करा, ड्रॉइंगमध्ये सूत नसतं.

टेपबद्दल एक गोष्ट सांगतो, ती मला महागात पडली. टेपच्या टोकाचा हुक झिजला की फिटर 100 च्या खुणेपासून माप धरतात आणि दुसऱ्या टोकाला 100 वाढवून खूण करतात. दुसऱ्या वर्षी मकरपुऱ्यात एका दुकानात मी 1450 लांबीचे अँगल मारायला बसलो होतो. एका टोकाला 100 धरलं आणि दुसऱ्या टोकाला 1550 ऐवजी 1450 वर खूण करत गेलो. 64 तुकडे, प्रत्येक 100 ने आखूड. 50 बाय 50 बाय 6 चा अँगल मीटरला साडेचार किलो, म्हणजे जवळजवळ 390 किलो माल कापून मोकळा झालो तेव्हा फोरमनने पाहिलं. ते ओरडले नाहीत. खडू घेऊन जमिनीवर ती बेरीज लिहून दाखवली आणि म्हणाले, आता प्रत्येक मापाला तोंडाने "शंभर धरलं" म्हणायचं, समोरच्यानेही म्हणायचं. मी आजही म्हणतो. पहिला तुकडा कापला की तो ड्रॉइंगशी ताडून पाहायचा आणि मगच दुसरा, हा नियमही त्याच दिवसाचा.

वजन काढणं ही दुसरी सवय. एक चौरस मीटर पत्रा, एक मिलीमीटर जाड, म्हणजे 7.85 किलो. 2 मीटर बाय 1 मीटर, 10 मिलीमीटर जाड प्लेट किती? 2 गुणिले 10 गुणिले 7.85, म्हणजे 157 किलो. गोल सळईला व्यासाचा वर्ग भागिले 162, उत्तर मीटरला किलोत. 12 ची सळी 0.89 किलो. दोघांनी उचलायची प्लेट की चौघांनी, चेन पुली एक टनाची पुरेल की दोन टनाची, हे ह्या हिशोबावर ठरतं. अंदाजाने उचलणाऱ्याची कंबर पस्तिशीत जाते.

काटकोन तपासायला गुण्या मोठ्या जुळणीला पुरत नाही. तिथे 3-4-5 चा नियम: एका बाजूला 900, दुसऱ्या बाजूला 1200, तिरकं 1500 आलं की कोन बरोबर. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट गुण्यात. हे बेस प्लेटपासून शंभर मीटरच्या शेडपर्यंत सगळीकडे चालतं.

पायरी चौथी: ड्रॉइंग, रोज अर्धा तास

दुकानात ड्रॉइंग फोरमनच्या टेबलावर असतं आणि हेल्परने त्याला हात लावायचा नाही अशी हवा असते. जेवणाच्या सुट्टीत विचारा. "साहेब, मी जो तुकडा घासतोय तो ह्यात कुठे आहे?" हा प्रश्न कोणालाच खटकत नाही. मला तरी आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

ड्रॉइंग तीन प्रकारची येतात, असं सुरुवातीला धरा. जनरल अरेंजमेंट किंवा मार्किंग प्लॅन म्हणजे पूर्ण इमारतीचा नकाशा. त्यात ग्रिडच्या रेषा ए, बी, सी आणि 1, 2, 3 अशा असतात आणि प्रत्येक कॉलम-बीमला मार्क नंबर असतो. असेंब्ली ड्रॉइंगमध्ये एक कॉलम त्याच्या बेस प्लेट, स्टिफनर (मजबुतीची पट्टी), क्लीट (जोडाचा छोटा अँगल) सकट दिसतो. पार्ट ड्रॉइंगमध्ये एकच तुकडा: लांबी, भोकं, खाचा. बाजूला मालाची यादी. तिच्यात मार्क, सेक्शन, लांबी, नग, वजन.

वाचताना आधी खालच्या उजव्या कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर पाहा. आर0 वर, म्हणजे पहिल्या आवृत्तीवर, काम चालू असतं आणि टेबलावर आर2 येऊन पडलेलं असतं, असं सर्रास होतं. मग नोट्स वाचा, कारण "न सांगितलेली सर्व वेल्ड 6 मिमी" असं एकच वाक्य तिथे लिहिलेलं असतं आणि पुढे कुठेही परत येत नाही. मग संक्षेप. टीवायपी म्हणजे अशा सगळ्या ठिकाणी हेच. सी/सी म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत. टीओएस म्हणजे स्टीलच्या वरच्या पृष्ठाची पातळी. एनएस आणि एफएस म्हणजे जवळची बाजू आणि लांबची बाजू. ही शेवटची दोन चुकली की क्लीट उलट्या बाजूला लागतो आणि तो कापून काढताना बीमचं नुकसान होतं.

वेल्डच्या खुणेत एक बाण, एक आडवी रेघ आणि त्रिकोण असतो. त्रिकोण म्हणजे फिलेट, दोन तुकड्यांच्या कोपऱ्यात भरलेलं वेल्ड. अमेरिकन पद्धतीच्या ड्रॉइंगात त्रिकोण रेघेखाली असेल तर वेल्ड बाणाच्या बाजूला, रेघेवर असेल तर पलीकडच्या बाजूला, दोन्हीकडे असेल तर दोन्हीकडे. बाणाच्या कोपऱ्यावर गोल असेल तर चारी बाजूंनी फिरवून. बाजूचा आकडा वेल्डच्या पायाचा, 6 लिहिलं असेल तर दोन्ही पाय 6 चे. वेल्डची खरी जाडी त्याच्या 0.7 पट, म्हणजे 4.2. म्हणूनच "दिसायला भरलंय" ह्यावर विश्वास ठेवू नका, वेल्ड गेज लावा.

बोल्टची भोकं हेही पाठ करा: एम16 ला 18 चं भोक, एम20 ला 22 चं. 8.8 ग्रेड म्हणजे काय, ते बोल्टच्या डोक्यावर लिहिलेलं असतं: 800 मेगापास्कल ताकद आणि त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत कायमचा न ताणता टिकणारा. 8.8 च्या जागी 4.6 चा बोल्ट दिसायला सारखाच, ताकद अर्धी. डब्यातले बोल्ट मिसळू देऊ नका.

घरी एक वही करा. रोज एक तुकडा हाताने काढायचा, मापं टाकायची, वजन काढायचं. सहा महिन्यांत फिटर तुम्हाला टेपच्या दुसऱ्या टोकाला उभा करू लागेल, आणि तीच खरी बढती.

पायरी पाचवी: हात कशावर बसवायचा

वर्षभराने तीन वाटा दिसतात.

फिटर. जुळणीचा मालक. टॅक मारणं, रूट गॅप, म्हणजे जोडातली फट, ठेवणं, वेल्डिंगने माल कुठे ओढला जाईल ते आधी ओळखून उलटा ताण देणं हे त्याचं काम. मला हीच वाट सगळ्यात चांगली वाटते, कारण इथून सुपरवायझर होता येतं.

वेल्डर. पैसे लवकर वाढतात, पण परीक्षेवर. प्लेटवर 1जी म्हणजे सपाट, 2जी आडवं, 3जी उभं, 4जी डोक्यावरचं. 3जी आणि 4जी जमलं की स्ट्रक्चरलमध्ये कुठेही दार उघडतं. 6013 च्या रॉडने सुरुवात होते, पण महत्त्वाच्या जोडांना 7018 लागतो, आणि तो ओव्हनमध्ये भाजून गरमच वापरायचा. ओल धरलेल्या रॉडमधून हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि तडा दुसऱ्या दिवशी, कधी त्याहून उशिरा उघडतो. बडोद्याच्या पावसाळ्यात हे फार जपावं लागतं. परीक्षेचा कागद जपून ठेवा. अमेरिकन कोडखाली सहा महिन्यांहून जास्त ते काम केलं नाही तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते, म्हणून कामाची नोंदही ठेवा. जस्त चढवलेल्या मालावर वेल्ड करण्याआधी जोडाजवळचं जस्त घासून काढा. त्या धुराने रात्री थंडी भरून ताप येतो, आणि बरेच जण त्याला मलेरिया समजतात.

खलाशी. बंदरांवरचा हा शब्द आता सगळीकडे रिगरसाठी चालतो. वजन उचलणं, सरकवणं, उभं करणं. ह्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चूक परत घेता येत नाही.

एक टनाचा बीम दोन पायांच्या स्लिंगने, म्हणजे उचलायच्या दोरखंडाने, उचलताय. स्लिंगचा बीमशी कोन 60 अंश असेल तर प्रत्येक पायावर 577 किलो येतात. 45 अंश असेल तर 707. 30 अंश असेल तर प्रत्येक पायावर पूर्ण एक टन. स्लिंग आखूड पडली म्हणून कोन पसरवला आणि तुटली, ह्याचं कारण हेच. धारेवर स्लिंग कधीही थेट टाकू नका, मधे गोणपाट किंवा कापलेला अर्धा पाइप ठेवा. बीमला टॅग लाइन, म्हणजे वळवायची दोरी, बांधा, हाताने वळवू नका. हायड्रा क्रेनला खूण एकच माणूस देईल, पण थांबायची खूण कोणीही देऊ शकतो.

उभारणीत आधी पायाच्या काँक्रीटमधले अँकर बोल्ट तपासतात: टेम्पलेट, कर्ण, पातळी. क्रेन भाड्याने आल्यावर बोल्ट 20 मिलीमीटर बाजूला आहेत हे कळलं तर तो दिवस गेला. पहिल्यांदा ब्रेसिंग, म्हणजे तिरके आधार, असलेला गाळा उभा करायचा, कारण तोच बाकीच्यांना धरून ठेवतो. एकटा कॉलम गाय रोपशिवाय, म्हणजे ताणाच्या दोरांशिवाय, संध्याकाळी सोडून घरी जायचं नाही, त्याला पाडायला रात्रीचा वारा पुरेसा असतो. क्रेन सोडण्याआधी प्रत्येक जोडात किमान दोन बोल्ट पान्ह्याने आवळलेले हवेत. ओळंबा आणि लेव्हल झाल्यावरच सगळे बोल्ट पूर्ण घट्ट. भोकं जुळवायला निमुळती ड्रिफ्ट पिन, कधीही बोट नाही. इरेक्शनच्या सुरक्षेसाठी आयएस 7205 हा भारतीय कोड 1974 पासून आहे. इंग्रजीत आहे, पण कोणाकडून तरी समजून घ्या.

जीव राखण्याचं सामान

हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्यासह, लोखंडी टोकाचे बूट, ग्राइंडरला चष्मा आणि गार्ड, आणि पूर्ण अंगाचा हार्नेस दोन हुकांचा. एक हुक काढायच्या आधी दुसरा अडकवलेला हवा. हुक शक्यतो डोक्याच्या वर. पायाशी अडकवला तर 1.8 मीटरची दोरी, एक मीटरच्या आसपास उघडणारा शॉक अॅब्सॉर्बर, पाठीच्या रिंगपासून पायापर्यंतचं दीड मीटर आणि थोडी मोकळीक धरून हुकाखाली पाच मीटरहून जास्त जागा लागते. चार मीटरवर काम करणाऱ्याचा हार्नेस त्याला जमिनीवर आपटण्यापासून वाचवत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

छपरावर उजेडासाठी जे फायबरचे पत्रे लावतात त्यांवर पाय ठेवू नका. धूळ बसली की ते लोखंडी पत्र्यासारखेच दिसतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचंही तेच. मी ज्यांना ओळखत होतो त्यांतले दोन जण ह्याच पत्र्यांतून गेले, आणि दोघेही अनुभवी होते.

ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लागू देऊ नका. नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे उलटी येणारी आग अडवणारा व्हॉल्व्ह, आहे का पाहा. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला. पावसाळ्यात वेल्डिंगची केबल पाण्यातून गेलेली दिसली तर काम थांबवा, आधी ती वर टांगा.

हे सामान देणं मालकाची जबाबदारी आहे. मागा. दिलं नाही तर वर चढू नका. त्या दिवसाची हजेरी गेली तरी चालेल.

पैशाचं बोलणं, पहिल्याच दिवशी

रोज किती, तास किती, ओव्हरटाईम कसा मोजणार, पगार कोणत्या तारखेला, हे विचारताना आपली मराठी मुलं संकोचतात. विचारा. ओव्हरटाईम कायद्याने दुप्पट दराने आहे. पीएफ कापत असतील तर यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, मागून घ्या आणि फोनवर पासबुक पाहा. तो नंबर आयुष्यभर एकच, दुकान बदललं की तोच द्यायचा. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यात, तुमचे 0.75 टक्के जातात, त्यावर घरच्यांनाही उपचार मिळतात. इकडे ठेकेदार उपाड देतात, म्हणजे आगाऊ पैसे. लग्नासाठी, आजारासाठी घ्यावे लागतात, पण प्रत्येक वेळी रक्कम आणि तारीख वहीत लिहून सही घ्या.

साइटवर काम करत असाल तर वर्षात 90 दिवस भरल्यावर बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करता येते, वय 18 ते 60. गुजरातमध्ये त्याचं ई-निर्माण कार्ड मिळतं. त्याच्यावर मुलांच्या शिक्षणाची मदत आहे, आणि श्रमिक अन्नपूर्णाच्या केंद्रावर पाच रुपयांत जेवण. हे मागून मिळवायचं असतं, कोणी घरी आणून देत नाही.

किलोवर किंवा टनावर ठेका घ्यायचा मोह दुसऱ्या वर्षीच होतो. थांबा. ठेक्यात चुकलेला माल तुमच्या खिशातून जातो. टनाला किती तास लागतात ह्याची स्वतःची नोंद वर्षभराची झाली की मगच भाव सांगा.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी

ह्या वेळेपर्यंत ड्रॉइंग वाचता येत असेल तर रस्ते खूप आहेत. तपासणीकडे जायचं तर अल्ट्रासॉनिक आणि डाय पेनेट्रंट तपासणीचे लेव्हल टूचे कोर्स आहेत. कॉम्प्युटरची आवड असेल तर ऑटोकॅड आणि टेकला ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर शिकून डिटेलर व्हा. ज्याने हाताने माल जुळवला आहे त्याने काढलेलं ड्रॉइंग दुकानाला लगेच ओळखू येतं. आखाती देशांत जायचं असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी पाहा, आणि पासपोर्ट कोणाकडेही गहाण ठेवू नका.

आपल्या मुलांकडे एक गोष्ट आहे जी त्यांना स्वतःला दिसत नाही. टोळीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे कारागीर असतात, मालक आणि स्टोअरवाला गुजराती, सल्लागार इंजिनिअर पुण्या-मुंबईचा. बडोद्यातला मराठी मुलगा तिघांशी त्यांच्या भाषेत बोलू शकतो. माप पक्कं असलेल्या अशा मुलाला सुपरवायझर व्हायला वेळ लागत नाही.

कधी जायचं

जूनमध्ये निकालानंतर सगळे धावतात, आणि नेमकं तेव्हाच पावसामुळे इरेक्शन मंदावलेलं असतं. चांगली वेळ दिवाळीनंतरची. लाभपंचमीला जीआयडीसीची दारं उघडतात, मुहूर्ताचे नारळ फुटतात, ऑर्डरी तयार असतात, पण छठ दुसऱ्या दिवशी असल्याने बिहारकडचे कारागीर अजून गावीच असतात. पुढचे दहा-पंधरा दिवस प्रत्येक दुकानात माणूस कमी असतो. होळीच्या सुमारासही तसंच होतं.

सकाळी आठच्या आत गेटवर पोचा. कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स, दोन फोटो, बूट पायात, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, नायलॉन नको, ठिणगीने कातडीला चिकटतो. ऑफिसात न जाता फोरमनला भेटा. खिशात स्वतःची टेप, खडू आणि ती वही असू द्या. त्याने वही उघडून पाहिली तर त्यातली मापं तुमच्या हातची असायला हवीत.